गाबोनची आत्या

२ नोव्हेंबर, एनुगू

पुस्तक छापून आलं. पाठीवर माझं नाव उलटं छापलं आहे, त्यामुळे पुस्तक कपाटात सरळ उभं केलं की मी डोक्यावर उभी राहते. प्रकाशक ओन्वुका म्हणाला, "वेडावरचं पुस्तक ना? लोकांना वाटेल, मुद्दाम केलंय." मुखपृष्ठावर त्याला एक जटा वाढलेला उघडावाघडा माणूस हवा होता. मी नाही म्हटलं. पुस्तकात असा एकही माणूस नाही. सगळे इस्त्रीचे कपडे घालून हिंडतात, तोच तर मुद्दा आहे.

नाव 'नऊ शहाणे'. पहिल्या गोष्टीत एका गावात वेड मोजायचं यंत्र येतं. ते आधी कोणाच्या डोक्याशी जुळवून घ्यायचं यावर वाद होतो, शेवटी गावच्या चीफच्या डोक्याशी जुळवतात, आणि मग चीफ सोडून सगळं गाव वेडं निघतं. बाकीच्या आठ याच जातीच्या.

मी वजनमापं खात्यात आहे. पेट्रोलपंप मापात किती मारतो ते प्रमाण-मापाने तपासायचं, ठीक असेल तर तारेला शिशाचं सील लावायचं, हे माझं काम. ते करता करता एक सवय लागते: कोणी काही ठासून सांगितलं की विचारावंसं वाटतं, कशाशी ताडून पाहिलं? गोष्टी त्या सवयीतून आल्या. त्यांच्यामागे कुठलंही दुःख नाही. ओन्वुका मुलाखतीसाठी एखादं दुःख मागत होता. मी म्हटलं, शिल्लक नाही.

९ नोव्हेंबर, उमुओरा

धाकट्या बहिणीच्या, कोसीच्या, लग्नासाठी तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडचे, तोबेकडचे, लोक आज गावी चौकशीला आले. आमच्यात दोन्ही घरं एकमेकांची मुळं उकरून बघतात. चोर झाला का, माणसं तरणी मरतात का, आणि वेड आहे का. पहिल्या दोन गोष्टींवर तडजोड होते, तिसरीवर नाही.

त्यांच्याकडून तोबेचे काका, चीफ ओबिडिके. मोटारींच्या सुट्या भागांचे व्यापारी, लाल टोपी, आवाज मोठा. आमच्याकडून भाऊबंदांतले वडील, उदे काका. कोला, म्हणजे पाहुण्यांपुढे ठेवतात ते कडू बी, फोडायचा मान कोणाचा यावर नेहमीप्रमाणे सकाळ गेली. बायकांनी कोलाला हात लावायचा नसतो, फोडून मिळालेला तुकडा खायचा. आम्ही मागे बाकावर बसून वाट पाहिली.

"मुलीची आजी?" चीफनी सुरुवात केली.

"वारली त्या दिवशीसुद्धा आपल्या पायांनी बाजारात गेली होती," उदे काका म्हणाले.

"आजीची बहीण?"

"ती भांडता भांडता गेली. डोकं शाबूत असल्याशिवाय इतकं मुद्देसूद भांडता येत नाही, चीफ. पुतण्यांना विचारा."

"मी ऐकलंय की ती कोंबड्यांशी बोलायची."

"बोलायची. पण कोंबड्या उत्तर देतात असं कधी म्हणाली नाही."

हे मान्य झालं. मग चीफनी बाबांकडे पाहिलं. "मास्तर, तुम्हाला एक बहीणही आहे ना?"

"एझिने," बाबा म्हणाले. "गाबोनला असते. कापडाचा धंदा."

"परदेश चांगला," चीफ म्हणाले, आणि त्यांनी ताटातलं कच्चं वांगं उचलून शेंगदाण्याच्या वाटणात बुडवलं.

"आणि तुमचे थोरले चिरंजीव?" बाबांनी विचारलं.

"स्पेनला."

"स्पेनही चांगला," उदे काका म्हणाले. दोन्ही बाजूंच्या माना डोलल्या आणि विषय संपला.

मेलेल्या म्हातारीच्या कोंबड्यांवर इतका वेळ, आणि जिवंत माणसांवर एकेक वाक्य. नमुने निवडायची ही पद्धत चुकीची आहे. पण माणसं सभ्य वाटली. परदेशातली कमाई खोदून विचारत नाहीत.

१५ नोव्हेंबर, उमुओरा

आईने पुस्तक अजून उघडलेलं नाही. म्हणते, चष्मा सापडत नाही. चष्मा तिच्या डोक्यावर होता.

एक गोष्ट विचारून घ्यायची होती. सातव्या गोष्टीतल्या बाईला मी गाबोनला पाठवलं आहे. ते नाव आत्यावरून सुचलं. आत्याला मी शेवटचं पाहिलं तेव्हा फार लहान होते, पण दर नाताळला तिच्याकडून कापड येतं. तिला राग येऊ नये.

"कसली गोष्ट?" आई भाजी चिरत होती.

"एका घरातली बाई वेडी ठरते. घरचे सांगतात, ती गाबोनला गेली. दर नाताळला इथल्याच बाजारातून वस्तू आणून तिच्या नावाने वाटतात. पुढे ती तिकडे इतकी मोठी होते की गाव तिला तिच्या गैरहजेरीत पदवी देतं."

सुरी थांबली. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. गेल्या वर्षी आत्याच्या कापडावर आपल्या इथल्याच ओनित्शाच्या दुकानाची चिठ्ठी होती. मला गंमत वाटली. बाकीचं सुचलं."

"नुसतं सुचलं?"

"नुसतं सुचलं."

ओनित्शाचा माल गाबोनला जातो आणि तिथून भेट म्हणून परत येतो. व्यापार असाच चालतो. एका चिठ्ठीवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून तर ते गोष्टीत घातलं, अहवालात नाही.

आज भाजीत मीठ दोनदा पडलं. आईचं वय होत चाललं आहे. एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं.

२२ नोव्हेंबर, उमुओरा

चर्चच्या सभागृहात पुस्तकाचं प्रकाशन झालं. आमच्याकडे पुस्तक प्रकाशित करतो तो लेखक नव्हे, तो मान पहिली प्रत जाहीरपणे विकत घेणाऱ्याचा. पुस्तक वाचलेलं असावं अशी अट नाही. होणारे व्याही म्हणून चीफ ओबिडिके यांना बोलवावंच लागलं.

त्यांनी प्रत डोक्यावर धरली आणि भाषण केलं. "वेड ही आपल्या समाजाला लागलेली कीड आहे. परमेश्वराच्या कृपेने माझं घराणं यापासून मुक्त आहे. या मुलीने वेड्यांना चांगलं फैलावर घेतलंय!" टाळ्या. पुस्तक त्यांनी उलटं धरलं होतं. म्हणजे पाठीवरचं नाव तेवढं वाचता येत होतं.

मग सगळे रांगेत आले. पाद्रीबाबा म्हणाले, चौथ्या गोष्टीतला पाद्री म्हणजे पलीकडच्या गावचा ना, ते मी ओळखलं. एका बाईने शेजारणीच्या नावाने सही मागितली. "तिसऱ्या गोष्टीत ती आहे," तिने माझ्या कानात सांगितलं. थोड्या वेळाने शेजारीण आली आणि तिने पहिलीच्या नावाने सही मागितली. दोघींची निरीक्षणं सारखीच विश्वसनीय आहेत.

ओन्वुका खूश आहे. मीही आहे, असं मोजमापावरून दिसतं: घरी येताना गाणं म्हणत होते, असं कोसी सांगते.

२६ नोव्हेंबर, एनुगू

चीफनी पुस्तक वाचलं. आख्ख्या सभागृहात सातवीपर्यंत वाचणारा हा एकटा निघाला, याचा मान मी त्यांना देते.

त्यांनी बाबांना फोन केला. लग्न थांबलं. कारण सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "मास्तर, ती सातवी गोष्ट तुमच्या मुलीला कोणी सांगितली?" बाबा म्हणाले, तिला सुचली. चीफ म्हणाले, "असं कोणाला सुचत नसतं," आणि फोन ठेवला.

आई आणि चीफ, दोघांचा प्रश्न एकच. वाचक गोष्ट वाचत नाहीत, ती सांगणाऱ्याला शोधतात.

कोसीने मला फोन केला नाही. तिने भांडावं अशी माझी अपेक्षा होती. न भांडणं जास्त वाईट आहे.

२९ नोव्हेंबर, उमुओरा

भाऊबंदांची बैठक. विषय: मी.

"पुस्तकं गोळा करा आणि जाळा," एक काका म्हणाले.

"विकली गेलीत."

"मग तिने चर्चमध्ये उभं राहून सांगावं की सगळं खोटं आहे."

"गोष्टी आहेत, काका," मी म्हटलं. "खोट्याच असतात."

"मग खोटं लिहायला सरकारी पगार कमी पडत होता का गं तुला?"

बाबा जमिनीकडे बघत होते. मी गणिताच्या मास्तरांची मुलगी आहे. ते गप्प असतात तेव्हा मनात हिशेब चालू असतो, हे मला माहीत आहे. कसला, ते कळलं नाही.

मग उदे काकांनी घसा साफ केला. "ऐका. वेड दोन तऱ्हेचं असतं. एक रक्तातलं, एक पुस्तकातलं. रक्तातलं पोराबाळांत उतरतं. पुस्तकातलं ज्याचं त्याच्यापाशीच राहतं. फार वाचलं की डोक्यातली तार जळते, बस. आपला तो लंडनला कायदा शिकायला गेलेला नव्हता का? परत आला आणि बकऱ्यांची उलटतपासणी घ्यायला लागला. त्याच्या भावांची लग्नं अडली का?"

"नाही अडली," सगळे म्हणाले.

"तसंच हे. ही उझो वेडी आहे हे आपण मान्य करू. पण तिचं वेड वडिलोपार्जित नाही. स्वकष्टार्जित आहे."

बैठकीत पहिल्यांदाच हवा मोकळी झाली. कोणीतरी ताडी ओतली. हात वर करून ठराव मंजूर झाला. मीही हात वर करणार होते, पण तिथे बायकांना मत नसतं.

निघताना उदे काकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. हुशार आहेस म्हणूनच तुला वेडी करता येतंय. ढ असतीस तर कोणाला पटलं असतं?"

३० नोव्हेंबर, उमुओरा

सकाळी कोसी अंगण झाडत होती. मी समोर आले तरी झाडू थांबला नाही.

"ताई, मी तुला लग्नासाठी वेडी हो म्हणत नाही. तोबेसाठी म्हणते."

"फरक काय?"

"लग्न काय, कोणाशीही होईल."

"आणि मी परत शहाणी कधी व्हायचं?"

"तू?" ती हसली. बऱ्याच दिवसांनी. "तुला शहाणी म्हणायला आधी कोण तयार होतं?"

विचार करते, असं मी तिला सांगितलं. विचार झालेला होता.

३ डिसेंबर, उमुओरा

उदे काका निरोप घेऊन गेले होते. चीफ इतके खूश झाले की काका गोंधळून परत आले. वाईट बातमी इतक्या आनंदाने कोणी घेतलेली मी ऐकली नाही. "म्हणजे पुस्तकातलं सगळं वेडाच्या भरातलं!" चीफ म्हणाले म्हणे. "सातवी गोष्टसुद्धा! नुसते भास! हे गावोगाव कळलं पाहिजे." सातवीवर त्यांचा इतका राग का, कळत नाही. रचनेत आठवी जास्त कच्ची आहे.

लग्नाला पुन्हा होकार. अट एकच: माझ्यावर इलाज झाला पाहिजे, आणि तो लोकांना दिसला पाहिजे.

"अबाकलिकीच्या वाटेवर एक प्रार्थनाघर आहे," उदे काका बाबांना म्हणाले. "तिथे आपली जुनी ओळख आहे."

"तिथे नको," आई म्हणाली.

"का नको?" मी विचारलं.

आई उठून आत गेली. तिच्या माहेरच्या पंथात प्रार्थनाघरं चालत नाहीत, त्यामुळे असावं.

५ डिसेंबर, एनुगू

बातमी कार्यालयात माझ्याआधी पोचली. ज्या पंपाला मी गेल्या महिन्यात सील नाकारलं होतं, त्याच्या मालकाने लेखी तक्रार केली आहे: माप चुकीचं नाही, मोजणारी वेडी आहे. साहेब म्हणाले, "उझोअमाका, तुझं काम चोख आहे हे मला माहीत आहे. पण कोर्टात तो म्हणेल, ह्या बाईची सही ग्राह्य कशी?" मी म्हटलं, माप माझ्या डोक्यात नसतं साहेब, पत्र्याच्या भांड्यात असतं. ते म्हणाले, "तब्येत सांभाळ," आणि सील लावायचा चिमटा माझ्याकडून परत घेतला.

हे ठरावात नव्हतं. चिमटा माझ्या हाताला बसलेला आहे.

तो पंप आता चालू आहे.

९ डिसेंबर, प्रार्थनाघर

पत्र्याचं लांब छप्पर, मध्ये वाळूचं अंगण, सकाळ-संध्याकाळ घंटा. चालवणारी बाई पांढऱ्या झग्यातली, सगळे तिला 'माता' म्हणतात. तिने मला आडवंतिडवं न्याहाळलं. "कुठलं वेड?"

"पुस्तकातलं."

"ते सोपं. उपास आणि झाडलोट." तिने झाडू दिला. "कोणाची?"

मी बाबांचं नाव सांगितलं. तिच्या भुवया वर गेल्या. "दुसरी?" ती म्हणाली.

दुसरी म्हणजे काय, हे विचारायच्या आधीच अंगणाच्या टोकाला धान्य पाखडणारी एक बाई उठून माझ्याकडे चालत आली. पन्नाशीची, उंच, केस बारीक कापलेले. माझ्या नाकावर बोट ठेवलं. नाक आमच्या घराण्याचं आहे, चुकत नाही. तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं.

"मास्तरची थोरली ना तू?"

"हो."

"बरं मला सांग," ती सूप खाली ठेवत म्हणाली, "गाबोनला मी कशी आहे? धंदा चालतोय?"

"तू गाबोनला गेलीच नाहीस?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न होता. झाला म्हणून लिहून ठेवते.

११ डिसेंबर, प्रार्थनाघर

ओनित्शाची चिठ्ठी माझ्या हातात होती. आईचा प्रश्न मी शब्दशः इथे उतरवला आहे. 'आपली जुनी ओळख' हेही. सगळी निरीक्षणं बरोबर, आणि निष्कर्ष: आईला डॉक्टरांना दाखवा.

आत्याला सातवी गोष्ट सांगितली. गैरहजेरीत पदवी मिळते तिथे ती इतकी हसली की माता बघायला आली.

"पदवी नको," आत्या म्हणाली. "पण ते कापड एखाद वर्षी मला पाठवलं असतं तर चाललं असतं."

मी विचारलं, तुला कशावरून वेडी ठरवलं?

"माझ्याच लग्नाची बैठक होती. कोला मध्ये ताटात पडलेलं. दोन्हीकडचे म्हातारे वाद घालताहेत: वडील कोण, कुळ कोणाचं जुनं, फोडायचा मान कोणाचा. मी कोवळी पोर, उपाशी, उन्हात बसलेले. उठले, कोला उचललं आणि फोडलं. चांगल्या चार पाकळ्या निघाल्या. शुभ होतं गं."

"मग?"

"मग काय. कोणी खाल्लं नाही. मीच खाल्लं. तेही लावलं वेडात."

"इथे दाराला कुलूप दिसत नाही," मी म्हटलं.

"कधीच नव्हतं."

"मग आली का नाहीस?"

तिने पाखडायला घेतलं. "वाट माहीत होती की. पण घरी जाऊन सांगू काय? घरी तर मी गाबोनला होते."

१५ डिसेंबर, उमुओरा

मातेने मी बरी झाल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, हिलाही न्यायचं आहे. माता म्हणाली, "ने की. न्यायला कोणी यायचीच खोटी होती."

बसमधून उतरून आम्ही दोघी अंगणात आलो तेव्हा बाबा खुर्चीत होते. उठले नाहीत. आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली. "दादा, केस पिकले तुझे."

बाबांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं. आई आतून धावत आली, आत्याला मिठी मारली, आणि मग माझ्या पाठीत जोरात बुक्का मारला. बुक्का कशाबद्दल, हे तिने सांगितलं नाही.

उदे काका आले आणि दारातच थांबले. "लग्न तोंडावर आलंय! व्याह्यांना काय सांगायचं?"

"खरं सांगा," आत्या म्हणाली. "परदेशातून आले म्हणून."

काकांनी थोडा विचार केला. माणूस कसलेला आहे. "बरोबर," ते म्हणाले. "भाचीच्या लग्नाला आली. न येऊन कसं चालेल?"

२८ डिसेंबर, उमुओरा

कोसीचं लग्न झालं.

हवेत उत्तरेकडची धूळ, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. अंगणात मांडव, खुर्च्या, भाड्याचा जनरेटर. मला कडेला, पंख्याखाली, वेगळी खुर्ची दिली होती. येणारेजाणारे माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलत. एका बाईने माझी पेप्सी उघडून हातात दिली, बाटली मला झेपणार नाही अशा बेताने. वेडी असण्यात सोय आहे: कोणी विचारत नाही, तुझं कधी.

आत्याला मात्र पुढे मानाची जागा. ओनित्शाचं नवं कापड, डोक्याला मोठा फेटा. तोबेकडच्या बायका तिला घेरून बसल्या.

"गाबोनला म्हणे फार गर्दी असते?"

"फार. एकेका खोलीत सात-सात जणी."

"आणि जेवण?"

"उपासच जास्त."

"तरी तब्येत राखलीत हो! बघा, परदेश पाहिलेलं माणूस किती शांत असतं," एक जण दुसरीला म्हणाली, आणि तिची नजर माझ्याकडे वळली. "नाहीतर ती बिचारी."

कोला आलं. फोडायचा मान कोणाचा यावर दोन्हीकडचे म्हातारे उभे राहिले. आत्या हात मांडीवर ठेवून बघत होती. आईने तिचा हात धरून ठेवला होता. मायेने की खबरदारी म्हणून, सांगता येत नाही.

मग कोसी ताडीचा पेला घेऊन निघाली. गर्दीत लपलेल्या नवऱ्याला शोधून पेला त्याच्या हाती द्यायचा असतो. सगळे पुरुष ओरडत होते, "इकडे! मी तोबे! अगं मीच तोबे!" ती कोणाकडेही न बघता सरळ तिसऱ्या रांगेत गेली आणि गुडघ्यांवर बसली. तोबे एका घोटात प्यायला. ताडी थोडी सांडली. तिने ती आपल्या हाताने पुसली. माझ्या चिमट्याची किंमत मी त्या क्षणी काढली. महाग पडली नाही.

जेवणं चालू असताना चीफ ओबिडिके खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. लाल टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आवाज पहिल्यांदाच लहान.

"तू वेडी आहेस हे आता सर्वमान्य आहे," ते म्हणाले. "म्हणून विचारतो. तू कोणाला सांगितलंस तरी कोणी धरणार नाही. आमचं स्पेन तुला कोणी सांगितलं?"

"गोष्टीत स्पेन नाही, चीफ. गाबोन आहे."

"नाव बदललंस. तेवढं मला समजतं."

मी पेप्सीचा घोट घेतला. कधीकधी यंत्राचा काटा आपोआप स्थिरावू द्यावा लागतो.

"चौकशीच्या दिवशी तुझ्या बापाने गाबोन म्हटलं, तेव्हा मी पुढे एक शब्द विचारला नाही," ते म्हणाले. "त्यानेही मला नाही. इतका भला माणूस." त्यांची नजर समोर गेली. आत्या तोबेच्या आजीला माशातले काटे काढून देत होती. "हिला आणल्यावर लोक काय म्हणाले?"

"म्हणाले, गाबोन मानवलं."

"एवढंच?"

"एवढंच."

ते बराच वेळ टोपी फिरवत बसले. मग उठताना म्हणाले, "आठवी गोष्ट जमलेली नाही तुझी."

वाचक म्हणून त्यांच्याबद्दलचं माझं मत कायम आहे.

८ जानेवारी, एनुगू

ओन्वुका दुसरी आवृत्ती काढतो आहे. लोक एकेका वेळी गठ्ठ्याने प्रती नेतात. वाचायला नाही, शेजाऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून. दुकानात येऊन खालच्या आवाजात त्याला विचारतात, "आमचं डब्लिन तिला कोणी सांगितलं?" "आमचं दुबई?" त्याला मुखपृष्ठावर 'एका वेडीने लिहिलेल्या गोष्टी' असं छापायचं आहे. मी म्हटलं, पाठीवरचं नाव सुलट करणार असशील तर छाप. तो म्हणाला, तसा ठसा आता तयार आहे, खर्च कशाला.

चिमटा अजून मिळालेला नाही. साहेब म्हणतात, डॉक्टरचं पत्र आण. मी विचारलं, डॉक्टरला कोणी तपासलंय? साहेब म्हणाले, "हे बघ, अजून पूर्ण बरी नाहीस."

आत्या माझ्याकडे राहते. शेजारच्या बायका तिच्याकडे धंद्याचा सल्ला घ्यायला येतात.

१७ जानेवारी, एनुगू

सकाळी चीफ ओबिडिके यांचा फोन.

"शनिवारी आमच्या थोरल्याचं स्पेनचं विमान उतरतंय."

"कुठे? लागोसला की एनुगूला?"

पलीकडे एक दार लोटल्याचा आवाज आला.

"आमच्या मागच्या अंगणात," ते म्हणाले. "जनरेटरच्या खोलीशेजारी." मग म्हणाले, "कुलूप फार जुनं आहे, पोरी. किल्ली फिरत नाही. बाहेरचा माणूस बोलावता येत नाही. तू अवजारांतली आहेस. येशील?"

येते म्हटलं. पेटीत तेलाचा डबा, लोखंड कापायची करवत आणि नट फिरवायचे दोन पाने भरून ठेवले आहेत.

आत्या दारात उभी राहून ऐकत होती. "मीही येते," ती म्हणाली. "परदेशाहून येणाऱ्याला उतरवून घ्यायला परदेश पाहिलेलं कोणीतरी हवं."

मग ती बाजारात जाऊन आली, आणि आता लुगड्याच्या टोकात एक कोला बांधते आहे. ते कोण फोडणार, हे मी विचारलं नाही.